वस्त्र एक, न्याय दोन



आजच्या विषयाचा पहिला धडा मला वयाच्या सातव्या वर्षीं, उघड्या आभाळाखालीं मिळाला. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहांट. साडेचार वाजण्यास कांहीं मिनिटें कमी असतांना आमचें कोयनानगर भूकंपानें हादरलें. त्या आपत्तींत सुमारें १८० माणसें दगावलीं, आणि वांचलेलीं निजल्या स्थितींत घराबाहेर धांवलीं. थंडी कडाक्याची होती. आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ नुसत्या लंगोटावर कुडकुडत उभे होते. त्यांच्यापासून चार पावलांवर एक तरुण शेजारीण दोन्ही काखांत दोन मुलें घेऊन उभी होती. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता व डोकें उघडें होतें. उजाडूं लागतांच त्या गृहस्थांची दृष्टि तिच्यावर गेली आणि ते म्हणाले, "डोक्यावरनं पदर तरी घ्यावा का न्हाई? जनाची काई लाज?" माझी आजी जवळच होती. ती म्हणाली, "आवो आबा, तिच्या दोनी हातांत पोरं हाईत. तुमचं हात मोकळं हाईत न्हवं? मग आधी सोताचं आंग झाका."

पडलेल्या घरांच्या त्या धुळींतहि दोघेतिघे हंसले. मीहि हंसलों. पुढें अनेक वर्षें मुलांना गणित शिकवितांना मला त्या प्रसंगाची आठवण वारंवार होई. दोन माणसें एकाच संकटांतून, सारख्याच अपुऱ्या वस्त्रांनिशीं बाहेर पडलीं. त्यांतील एकाच्या उघड्या अंगाचा निर्देशहि झाला नाहीं, आणि दुसरीच्या उघड्या डोक्याचा मात्र गुन्हा झाला. बाजारांत एखाद्या वाण्यानें घेण्याचें माप एक व देण्याचें दुसरें ठेविलें, तर आपण त्यास लबाड म्हणतों. वेषाच्या बाबतींत समाज हींच दोन मापें वापरतो. तीं कशीं वापरली गेलीं व कां, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

वस्त्राचीं कामें स्थूलमानानें तीन आहेत. थंडीवाऱ्यापासून शरीराचें रक्षण करणें हें पहिलें. चालतां-वावरतां व काम करतां सोय होणें हें दुसरें. आणि हा मनुष्य कोण, कोठला, कोणत्या प्रसंगासाठीं निघाला, याची ओळख देणें हें तिसरें. पुरुषाचा वेष आपण बहुधा पहिल्या दोन कामांवरून जोखतों. शेतकऱ्यानें धोतर गुडघ्यावर खोंवलें तर तो कामाला लागला असें म्हणतों. स्त्रीच्या वेषाचा विचार निघाला कीं पहिलीं दोन कामें आपण विसरतों आणि तिसऱ्यालाच धरून बसतों. त्यांतहि तिच्या वस्त्रानें तिची स्वतःची ओळख द्यावी असें आपणांस वाटत नाहीं. तिच्या घराची, कुळाची, जातीची आणि गांवाची ओळख तिनें अंगावर वागवावी अशी अपेक्षा असते. घराण्याची अब्रू एका पदराच्या टोकाला बांधून ठेवल्यावर तो पदर जरा सरकला तरी साऱ्या घराचा जीव खालींवर होतो. दोन मापांचें मूळ येथें आहे.

आतां आपल्याच मुलुखांतील एक उदाहरण घेऊं. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' हा खेळ केला व मराठी रंगभूमीचा पाया घातला. त्या रंगभूमीवर स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. पुढें सांगली जिल्ह्यांतील नागठाण्याच्या राजहंस घराण्यांतील नारायणराव हे १९०५ सालीं मिरजेस शकुंतलेच्या वेषांत रंगभूमीवर उभे राहिले. बालगंधर्व म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते हेच. त्यांनीं लुगडें कसें नेसावें, शेला कसा पांघरावा, नथ कोणती घालावी, केसांत फुलें कशीं माळावीं, हें पाहून पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया आपला शृंगार बेतीत. त्यांत वावगें असें कोणालाहि वाटलें नाहीं, व मलाहि वाटत नाहीं. तो एका थोर नटाच्या कलेचा गौरव होता. परंतु त्याच काळीं एखाद्या कुलीन स्त्रीनें तेंच लुगडें, तोच शेला व तीच नथ घालून त्याच रंगभूमीवर पाऊल ठेवूं म्हटलें असतें तर काय झालें असतें? स्त्रियांच्या कांहीं नाटकमंडळ्या तेव्हांहि होत्या, पण त्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रतिष्ठित घरांचे दरवाजे बंद असत. लुगडें तेंच, गाणें तेंच, प्रेक्षकहि तेच. पुरुषानें नेसलें तर ती कला, आणि स्त्रीनें नेसलें तर तो निर्लज्जपणा!

चलच्चित्रांचा आरंभहि असाच झाला. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटांतील तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नांवाच्या एका तरुणास ती भूमिका देण्यांत आली. त्याच साळुंक्यांनीं १९१७ च्या 'लंकादहन' या चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनीं भूमिका केल्या तेव्हां स्त्रीची भूमिका प्रथम स्त्रीकडे आली. मराठी नाटकांत प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांनीं स्त्रियांच्या भूमिका करण्यास खरी चालना मिळाली ती १९३३ सालीं, नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकानें. म्हणजे सांगलीच्या पहिल्या खेळापासून येथवर येण्यास नव्वद वर्षें लागलीं.

अंग झांकण्या-न झांकण्याचाच प्रश्न असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९३८ सालीं मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' हा चित्रपट निघाला. आचार्य अत्रे यांनीं लिहिलेल्या त्या चित्रपटांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखांत दिसल्या, आणि त्यावरून मोठी खळबळ माजली. सातारा-सांगलीकडील जत्रांतून तर दर वर्षीं कुस्त्यांचे फड भरतात. आखाड्यांतील मल्लाच्या अंगावर लांगेशिवाय वस्त्र नसतें. आपण त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप देतों, त्याला फेटा बांधतों, आणि आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन तें दृश्य दाखवितों. आणि तें योग्यच आहे. कुस्तीला साजेसा वेष मल्लानें केला, एवढाच त्याचा अर्थ. मग पोहण्यास साजेसा वेष पोहणारीनें केला तर तेथें निराळें गणित कां मांडावें?

यावर कोणी म्हणतील कीं, स्त्रीच्या वेषाचे नियम आपल्या संस्कृतीनें पूर्वापार ठरविलेले आहेत, ते कसे मोडावे? हे नियम खरोखर स्थिर असते तर या म्हणण्याला कांहीं वजन आलें असतें. आपल्या आज्या-पणज्या नऊवारी लुगडें काष्टा घालून नेसत. त्यांत पोटऱ्या दिसत, शेतांत वाकतां येई, चढण चढतां येई, आणि तोच कुलीन वेष समजला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांतील मुली पांचवारी गोल पातळ नेसूं लागल्या तेव्हां घोटा झांकणारें तें वस्त्र वडीलधाऱ्या मंडळींना उच्छृंखल वाटलें. काष्ट्यावांचून सोवळें कसलें, असें त्या म्हणत. कांहीं दशकें लोटलीं, आणि तेंच पातळ मर्यादेचें प्रतीक झालें. मग सलवार-कमीज आला. त्यांत मान, दंड, पाय सारेच अधिक झांकलेले असूनहि तो थिल्लर ठरला. आतां तोहि सभ्य झाला आहे, आणि टीकेचा रोख विजारीकडे वळला आहे. म्हणजे प्रत्येक पिढीची तक्रार वेगळ्या वस्त्राविषयीं असते. आरोपी मात्र एकच.

याच काळांत पुरुषांनीं पागोटें टाकलें, अंगरखा टाकला, उपरणें टाकलें, धोतराच्या जागीं पाटलोण आणली, शेंडी कापली. त्यांना कोणी बोललें नाहीं असें नाहीं. पहिल्या पिढीस घरांतून चार शब्द ऐकावेच लागले. पण पाटलोण घातल्यामुळें त्यांचें शील संशयास्पद ठरलें नाहीं. त्यांना साहेबी म्हणत, फार तर बाटगे म्हणत. स्त्रीनें वेष बदलला कीं चर्चा वेषावरून एकदम चारित्र्यावर जाते. हा फरक लहान नाहीं.

मापें दोनच आहेत असेंहि नाहीं. जातीनुसार त्यांत आणखी उपमापें आहेत. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना उपदेश केला कीं, तुमची जात ओळखूं यावी अशा रीतीनें लुगडें नेसणें सोडा, घोट्यापर्यंत नेसा, आणि अंगावरील जड व कळकट दागिन्यांचा भार टाकून द्या. अनेक स्त्रियांनीं तो उपदेश तेथल्या तेथें अमलांत आणला. विचार करा: एका वर्गाच्या स्त्रीनें पाय झांकले नाहींत तर ती निर्लज्ज, आणि दुसऱ्या वर्गाच्या स्त्रीनें पाय झांकले तर ती शेफारली! दक्षिणेकडे त्रावणकोर संस्थानांत तर नाडर स्त्रियांना छाती झांकण्याच्या हक्कासाठीं कित्येक वर्षें झगडावें लागलें; १८५९ च्या जाहीरनाम्यानें तो हक्क त्यांना मिळाला. लज्जेचा नियम खरोखर लज्जेसाठीं असता तर झांकून घेणाऱ्या स्त्रीला कोणी कां अडविलें असतें? नियमाचा हेतु लज्जा नसून पायरी ओळखविणें हा होता.

विधवेच्या वेषाकडे पाहिलें म्हणजे हा हेतु पुरता उघडा पडतो. पति निवर्तला कीं पुष्कळ जातींतून कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें हे प्रकार होत. ब्राह्मणांत व इतर कांहीं जातींत केशवपन करून तांबडें आलवण नेसवीत. पत्नी निवर्तली तर पुरुषाच्या वेषांत काय फरक पडे? कांहीं नाहीं. वर्ष फिरण्यापूर्वीं तो पुन्हां मुंडावळ्या बांधी. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यास छापून प्रसिद्ध केला. सुरतेच्या एका तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला होऊन तिला फांशीची शिक्षा झाली होती व ती पुढें कमी करण्यांत आली होती; तेव्हां वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार झाला. त्याला उत्तर म्हणून हा निबंध लिहिला गेला. ज्या दोषांबद्दल स्त्रीला शिक्षा होते तेच दोष पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा रोखठोक प्रश्न आजहि शिळा झालेला नाहीं. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांचें वपन न करण्याचा निश्चय केला. ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनींच तो खालीं ठेवला, ही आपल्या इतिहासांतील मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. आणि तें सारें जुनें झालें असें कोणी समजूं नये. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या पंचायतीनें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो ४ मे २०२२ रोजीं. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनीं त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. ठराव करावा लागला याचा अर्थच असा कीं प्रथा चालू होती.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असें मात्र नव्हे. पॅरिस शहरांत स्त्रियांनीं परवान्यावांचून पुरुषी वेष करूं नये असा पोलिसी हुकूम १८०० सालीं निघाला. पुढें १८९२ व १९०९ सालीं त्याला सवलत मिळाली ती एवढीच, कीं स्त्रीच्या हातांत सायकलीचा दांडा किंवा घोड्याचा लगाम असेल तर विजार चालेल! तो हुकूम आतां निरर्थक झाल्याचें सरकारनें जाहीर केलें तें २०१३ सालीं. इराणांत १९३६ सालीं राजाज्ञेनें स्त्रियांचा बुरखा उतरविण्यांत आला, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर डोकें झांकण्याची सक्ती झाली. आज्ञा परस्परविरुद्ध, पण दोहोंमागचें गृहीत एकच: स्त्रीनें काय नेसावें हें तिच्याखेरीज इतर कोणी तरी ठरवावयाचें.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा, कीं स्त्रीच्या वेषावर सर्वांत तिखट टीका स्त्रियाच करतात. तें खरें आहे. परंतु सून काय नेसली याचा जाब सासूला विचारला जातो, सासऱ्याला नाहीं. ज्या बाईनें जन्मभर हा पहारा सोसला तिच्याच हातीं उतारवयांत पहाऱ्याची काठी दिली जाते. काठी तिच्या हातांत आहे म्हणून तुरुंग तिनें बांधला असें होत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलींच्या सुरक्षिततेसाठींच आम्ही बोलतों, असें आईबाप म्हणतात, आणि त्यांची काळजी खोटी नसते. पण छेड काढणाऱ्यास मोकळें सोडून छेडल्या गेलेल्या मुलीस तूं काय घातलें होतेंस असें विचारणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. केरळांत कोळिकोड येथील सत्र न्यायालयानें २०२२ सालीं एका जामिनाच्या आदेशांत तक्रारदार स्त्रीच्या पोषाखावर शेरा मारला. त्याच वर्षीं तेथील उच्च न्यायालयानें तो शेरा काढून टाकला आणि स्त्रीचा वेष हा तिच्यावर हात टाकण्याचा परवाना होऊं शकत नाहीं, असें स्पष्ट केलें. मुलीला सावध करावें. पण घरांत मुलगाहि असेल तर त्याला काय सांगितलें, हेंहि आईबापांनीं स्वतःला विचारावें.

येथवर मी इतरांच्या चुका सांगितल्या. आतां माझी सांगतों. तीस वर्षांपूर्वीं मी एका वाडीवरच्या शाळेंत होतों. आमच्याकडील पाऊस आपणांस ठाऊक आहे; चार महिने ओढे दुथडी भरून वाहतात. त्या शाळेंत एक तरुण शिक्षिका बदलून आल्या. शाळेच्या वाटेवर दोन ओढे लागत. निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजत म्हणून त्या सलवार-कमीज घालून येऊं लागल्या. गांवांतील कांहीं मंडळींना तें खपलें नाहीं. वरिष्ठांकडे अर्ज करावयाचें ठरलें, आणि माझें अक्षर चांगलें म्हणून तो मीं लिहिला. 'सदर वेष शाळेच्या शिस्तीस बाधक आहे' हें वाक्यहि माझेंच. बाईंना तें कळलें तेव्हां त्या रागावल्या नाहींत. त्यांनीं इतकेंच विचारलें, "गुरुजी, तुम्ही पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून वर्गावर येतां. त्यानें मुलांची शिस्त बिघडत नाहीं ना?" मीं खालीं पाहिलें. माझ्या दोन्ही पोटऱ्या उघड्या होत्या व चिखलानें भरल्या होत्या. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तो सबंध पावसाळा बाई एक कोरडें पातळ पिशवींत घालून आणीत आणि अडगळीच्या खोलींत बदलीत. पुढें त्यांची बदली झाली. मीं त्यांची क्षमा मागितली नाहीं. आज त्या कोठें असतील व हें भाषण ऐकत असतील तर त्यांनीं समजावें, कीं तो अर्ज चुकीचा होता हें त्याच दिवशीं मला कळलें होतें. कबूल करण्यास मात्र इतकीं वर्षें लागलीं.

गणितांत उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण ताळा करतों. भागाकाराचा ताळा गुणाकारानें होतो. या विषयालाहि एक ताळा आहे, आणि तो कोणालाहि करतां येतो. स्त्रीच्या वेषाविषयीं कांहीं बोलावयाचें मनांत आलें कीं त्या वाक्यांत स्त्रीच्या जागीं पुरुष घालावा. 'सुनेनें पाहुण्यांपुढें असें येऊं नये' म्हणावयाचें असेल तर 'जांवयानें पाहुण्यांपुढें असें येऊं नये' असें म्हणून पाहावें. 'वर्गावर स्वच्छ व नीटनेटक्या वस्त्रांत यावें' हें वाक्य दोघांना सारखें लागू पडतें. तें नियम म्हणून खुशाल ठेवावें. श्मशानांत, देवळांत, प्रयोगशाळेंत, कारखान्यांत प्रसंगाला उचित असा वेष असावा, यालाहि माझा विरोध नाहीं. परंतु जें वाक्य पुरुषाला लावतांच हास्यास्पद होतें, त्याचा ताळा जमला नाहीं असें समजावें व तें मनांतल्या मनांत खोडावें.

हा ताळा माझ्या आजीला अक्षरओळख नसतांना, भूकंपानें पडलेल्या घरासमोर उभी असतां करतां आला. मला तो पाटी-पुस्तकांत जन्म घालवूनहि वेळेवर करतां आला नाहीं. उद्यां आपल्या घरांत एखाद्या मुलीच्या कपड्यांवरून शब्दाला शब्द लागेल तेव्हां आपण तो आधीं करून पाहावा, एवढी विनंती करून मी आपला निरोप घेतों.